एका अणूचा पापुद्रा आणि त्यातून जाणारा उजेड



सणांच्या आधी अश्दोदहून माझ्या नणंदेचा फोन आला. वन्संचं वय ८२, दमा जुना. दरवर्षी या दिवसांत त्यांचा दवाखाना त्यांना फ्लूची आणि कोविडची लस घ्यायला बोलावतो. इस्राएलमध्ये सुरुवातीपासून फायझरचीच लस बहुतेकांना दिली गेली आणि वन्संनीही पहिले डोस मुकाट्याने घेतले होते. या वेळी मात्र म्हणाल्या, "वहिनी, मी काही ती लस घेणार नाही. त्यात ग्राफीन घालतात. काळी भुकटी असते, ती रक्तात फिरत राहते. मी ऐकीव सांगत नाही हो, अमेरिकेच्या सरकारी कागदातच लिहिलंय."

पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर त्या कागदाचा फोटो आला. इंग्रजी मजकूर आणि त्यात दोन शब्दांखाली लाल रेघ: ग्राफीन ऑक्साइड.

मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, तिथे आणि नंतर इकडे न्यू जर्सीत मिळून चाळीसएक वर्षं नोकरी केली. लस कशी ठेवायची, कशी टोचायची, टोचल्यावर पेशंटकडे किती वेळ लक्ष ठेवायचं हे मला झोपेतही सांगता येईल. पण ग्राफीन म्हणजे काय, हे काही मला सांगता येईना. "खोटं आहे ते" म्हणून फोन ठेवला असता तर वन्संनी माझं ऐकलं नसतं. आणि खरी अडचण पुढेच होती. शोधल्यावर कळलं की तो कागद खरा आहे.

माझा नातू इथे कॉलेजात पदार्थशास्त्र शिकतो. शुक्रवारी जेवायला आला तेव्हा त्यालाच धरलं. म्हटलं, मला वहीतली भाषा नको, स्वयंपाकघरातल्या भाषेत सांग. त्याने जे सांगितलं आणि मी नंतर वाचून पडताळून पाहिलं, ते इथे लिहिते. वन्संनीच सांगितलं, मराठीत लिही, म्हणजे सिनेगॉगमधल्या बायकांनाही वाचून दाखवते.

शिसपेन्सिल आणि चिकटपट्टी

आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. असतं ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच जातीचा कार्बन. हा ग्राफाइट पदरांचा बनलेला असतो. चांगल्या घडीच्या पोळीला पदर सुटतात तसे, किंवा जुन्या इस्त्रीत अभ्रक असायचं ना, त्याचे पापुद्रे निघायचे, तसे. पेन्सिल कागदावर ओढली की पदर सुटून कागदाला चिकटतात. त्यालाच आपण लिहिणं म्हणतो.

त्यातला अगदी शेवटचा, ज्याला आणखी सोलताच येत नाही असा एकच पदर म्हणजे ग्राफीन. त्याची जाडी एका अणूची. मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असते आणि प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू. ग्राफाइटमध्ये दोन पदरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर असतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर १ मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख पदर बसतात. आपला एक केस घ्या, त्याच्या जाडीत दोन लाखांहून जास्त.

हा एकटा पदर वेगळा करून दाखवला तो इंग्लंडमध्ये, मँचेस्टर विद्यापीठात, २००४ साली. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव या दोघांनी. आणि कशाने? तर साध्या चिकटपट्टीने! ग्राफाइटवर पट्टी लावायची, ओढायची, पट्टीवर आलेले पदर पुन्हा दुसऱ्या पट्टीने सोलायचे, असं करत करत. त्या कामासाठी दोघांना २०१० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नातवाने जेवणाच्या टेबलावर मला हे करून दाखवलं. पट्टीवर आधी काळा डाग होता, मग करडा, मग फिका. शेवटी मला काहीच दिसेना. तो म्हणाला, "आजी, काही नाही असं समजू नकोस. काही आहे, पण उजेड त्यातून पार जातोय."

न दिसणारा पापुद्रा दिसला कसा?

मी विचारलं, डोळ्यांना दिसत नाही तर त्या लोकांना तरी कसा सापडला?

याचं उत्तर ऐकून मला आपले कोकणातले पूर्वज आठवले. आपल्याला शनवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा ज्यांच्या घरात होता त्यांनी पाण्यावर पसरलेला तेलाचा थेंब नक्की पाहिला असणार. पावसाळ्यात रस्त्यावर डिझेल सांडतं तेव्हा आपणही पाहतो. इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. तेलाला तर ते रंग नसतात. मग येतात कुठून? तेलाच्या वरच्या पृष्ठावरून थोडा उजेड परत फिरतो, खालच्या पृष्ठावरूनही थोडा फिरतो, आणि ते दोन्ही वाटेत एकमेकांना भेटतात. काही रंग एकमेकांना जोर देतात, काही एकमेकांना मारतात. कोणता रंग उरेल हे तेलाच्या थराच्या जाडीवर ठरतं. जाडी थोडी बदलली की रंग बदलतो.

मँचेस्टरच्या लोकांनी हीच गोष्ट वापरली. सिलिकॉनच्या चकतीवर काचेसारख्या ऑक्साइडचा सुमारे ३०० नॅनोमीटरचा थर असेल तर त्या चकतीला एक ठरावीक रंग दिसतो. त्यावर ग्राफीनचा एक पापुद्रा पडला, की तिथे रंगात जरासा फरक पडतो. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो फरक ओळखता येतो. म्हणजे पापुद्रा स्वतः दिसत नाही, पण त्याच्यामुळे खालचा रंग बदलतो, त्यावरून तो कळतो. पेशंट काही बोलत नसला तरी चार्टवरचा आकडा बदलला की आम्हा नर्सना कळायचं, तसंच काहीसं.

हजारातले तेवीस

आता मुख्य गोष्ट. उजेड त्यातून किती पार जातो?

कोणत्याही वस्तूवर उजेड पडला की तीन गोष्टी होतात. काही उजेड परत फिरतो, काही आत गिळला जातो, उरलेला पलीकडे जातो. साध्या खिडकीच्या काचेचंच बघा. तिच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, म्हणून रात्री खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. सोन्याचा वर्ख घ्या. तो सुमारे १०० नॅनोमीटर जाड, म्हणजे सोन्याच्या अणूंचे साधारण चारशे थर. उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट उजेड येतो. सोन्यासारखी वस्तू, पण पातळ केली की आरपार दिसायला लागते.

मग एकच अणू जाड असलेल्या पापुद्र्यातून तर सगळाच उजेड जायला हवा, नाही का? उजेडाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पापुद्रा त्याच्या हजार-दीड हजारावा भाग. समुद्राच्या लाटेपुढे बारीक काडी धरावी तसं. लाटेला कळूही नये.

पण लाटेला कळतं! २००८ साली मँचेस्टरच्या लोकांनी धातूच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यावर ग्राफीन ताणून बसवलं आणि त्यातून येणारा उजेड मोजला. त्याच वर्षी इथे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, टोनी हाइन्झ यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीने मोजमाप केलं. त्यात किन फाइ मॅक हा विद्यार्थी होता. उत्तर एकच आलं: सुमारे २.३ टक्के. उजेडाचे हजार कण आले तर २३ गिळले जातात आणि ९७७ पुढे जातात. परत फिरणारा उजेड इतका थोडा की हिशेबात धरायला नको.

२.३ टक्के म्हणजे आपल्याला थोडे वाटतात. पण एका अणूच्या जाडीने हजारातले २३ पकडणं ही मोठीच पकड झाली. पापुद्रे एकावर एक ठेवत गेलं तर ढोबळ हिशेब असा: दहा पापुद्र्यांत पाचव्या भागाहून थोडा जास्त उजेड जातो, तिसेक पापुद्र्यांत निम्मा. शंभर झाले तर दहावा भागच पार होतो. आणि केसाच्या जाडीत दोन लाख पापुद्रे! म्हणून पेन्सिलचं टोक काळं ठिक्कर दिसतं. टोक काळं आणि पापुद्रा पारदर्शक. वस्तू एकच, फरक फक्त संख्येचा.

यातली एक गंमत मला फार आवडली, म्हणून सांगते. उजेड आणि इलेक्ट्रॉन यांची एकमेकांवर पकड किती, हे सांगणारा निसर्गाचा एक आकडा आहे, साधारण १३७ मधला १ भाग. तो मोजायला शास्त्रज्ञांना मोठाली यंत्रं लागतात. आपण शाळेत वर्तुळासाठी शिकलेला पाय आठवतोय ना, ३.१४? त्याला १३७ ने भागा. येतात ०.०२२९, म्हणजेच २.३ टक्के. ग्राफीन किती उजेड गिळतं हे एवढ्या साध्या भागाकारात बसतं. मी कागदावर स्वतः करून पाहिलं. सत्तरी उलटल्यावर गणित बरोबर आलं, याचा आनंद वेगळाच!

गिळणं म्हणजे काय?

उजेड गिळला जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला मी वॉर्डातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली नवजात बाळांची. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात हे तुम्ही आपल्या नातवंडांच्या वेळी पाहिलं असेल. याची सुरुवात एका नर्सच्या नजरेतून झाली. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाचा पिवळेपणा उतरला होता, पण एक तिकोनी भाग तसाच पिवळा होता. तिथे चादरीचा कोपरा पडलेला होता! कापडाने उजेड अडवला, तिथे कावीळ तशीच राहिली. जिथे उजेड पोचला, तिथे कातडीतल्या पिवळ्या द्रव्याने, म्हणजे बिलिरुबिनने, निळा उजेड गिळला आणि ते शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात बदललं. म्हणजे गिळलेला उजेड वाया जात नाही, तो काहीतरी घडवतो. आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या आवडीचा रंग गिळतो.

दुसरी गोष्ट बोटाच्या चिमट्याची, पल्स ऑक्सिमीटरची. आमच्या शिकण्याच्या काळात तो नव्हता. आम्ही ओठ आणि नखं बघायचो, निळी पडलीत का. आता चिमटा बोटातून दोन प्रकारचा उजेड पाठवतो, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल उजेड जास्त पुढे जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं जास्त गिळतं. पलीकडे किती पोचला यावरून यंत्र आकडा काढतं. जाता जाता एक सूचना, कामाची आहे: सावळ्या कातडीतलं रंगद्रव्यही उजेड गिळतं, त्यामुळे चिमटा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिलं की काळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी असूनही चिमट्याला न कळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. आकड्यावर विसंबून बसू नका.

आता ग्राफीनकडे परत येऊ. उजेड पुड्यांमध्ये येतो. इलेक्ट्रॉन पुडी घेतो तर अख्खी घेतो, नाहीतर घेतच नाही. पुडी घेतली की तो वरच्या पायरीवर चढतो. बहुतेक पदार्थांत पायरीची उंची ठरलेली असते, म्हणून एखादा रंग चालतो आणि दुसरा चालत नाही. ग्राफीनला मुळी पायरीच नाही, घाटाचा सपाट उतार आहे म्हणा. त्यामुळे तांबडा, पिवळा, निळा, जो येईल त्याचे हजारातले २३ तो घेतो. सगळे रंग सारखेच घेतल्यामुळे त्याला स्वतःचा रंग नाही, किंचित करडी छटा तेवढी.

गॅरेजातलं ग्रीस आणि लाल उजेड

पदरांचा बनलेला दुसरा एक पदार्थ आहे, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. नाव अवघड आहे, पण वस्तू ओळखीची. गॅरेजवाले गाडीच्या सांध्यांना काळं "मॉली" ग्रीस लावतात, त्यातली काळी भुकटी ती हीच. पदर एकमेकांवरून घसरतात म्हणून वंगणाला चांगली.

याला पायरी आहे. २०१० साली कोलंबियाच्या त्याच गटाने, म्हणजे मॅक, हाइन्झ, जेम्स होन आणि त्यांच्या सोबत्यांनी, याचाही एकच पापुद्रा काढून त्यावर उजेड टाकला. जाड तुकडा उजेड गिळून गप्प बसतो, फक्त जरा गरम होतो. पण एकटा पापुद्रा तांबडा उजेड परत देऊ लागला! जाड तुकड्याच्या तुलनेत दहा हजारपटीहून जास्त. कारण असं की जाड तुकड्यात वर चढलेल्या इलेक्ट्रॉनला सरळ खाली उतरता येत नाही. आधी बाजूला सरकावं लागतं आणि त्या खटपटीत मिळालेली शक्ती उष्णतेत जाते. पापुद्रा एकटा राहिला की पायऱ्यांची रचनाच बदलते, इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो आणि घेतलेली पुडी उजेड म्हणून परत टाकतो. पदार्थ तोच, पण गर्दीत असताना वेगळा वागतो आणि एकटा असताना वेगळा. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

पुढे २०१८ साली हार्वर्ड विद्यापीठात होंगकुन पार्क, फिलिप किम, मिखाइल ल्युकिन यांच्या गटांनी आणखी एक करून दाखवलं. त्याच जातीच्या मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा एक पापुद्रा खूप थंड केला, शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस. एका ठरावीक रंगाच्या उजेडासाठी तो आरसा बनला आणि ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फिरवू लागला. विजेचा दाब बदलून तो आरसा चालू-बंदही करता येतो. बाकीच्या रंगांना मात्र तो जवळजवळ नसल्यासारखाच.

हे सगळं कशासाठी? ग्राफीन उजेड जाऊ देतं आणि वीजही वाहून नेतं. असे दोन्ही गुण एकत्र फार थोड्या पदार्थांत असतात. म्हणून टच स्क्रीन, उजेड ओळखणारी यंत्रं, कॅमेरे यांसाठी त्याच्यावर काम चालू आहे.

आता तो कागद

एवढं समजल्यावर मी वन्संनी पाठवलेला कागद पुन्हा हातात घेतला.

लसीत ग्राफीन असल्याची अफवा २०२१ पासूनच फिरत होती. मग इथल्या कोर्टाच्या आदेशाने एफडीएला, म्हणजे इथल्या औषध खात्याला, फायझरने दिलेले कागद लोकांसाठी खुले करावे लागले. २०२३ मध्ये त्यातल्या एका अहवालात लोकांना ते दोन शब्द सापडले. शब्द खरे आहेत, पण त्यांच्या मागचं-पुढचं वाक्य कोणी वाचलं नाही.

तिथे काय लिहिलंय ते सांगते. कोविडच्या विषाणूवर काटे असतात, ते एका प्रथिनाचे. शास्त्रज्ञांना त्या प्रथिनाचा आकार पाहायचा होता. प्रथिन इतकं बारीक की साध्या उजेडाने दिसत नाही. म्हणून त्याला गोठवून इलेक्ट्रॉनच्या झोतात पाहतात. आपण रक्त तपासायला काचेची पट्टी वापरतो, तशी इथेही नमुना ठेवायला काहीतरी लागतंच. इथे वापरतात जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाची धातूची जाळी. त्यांनी सोन्याची घेतली होती. पण जाळीच्या भोकांवर नमुना टेकवायला पडदा हवा. तो जाड असला तर झोत पडद्यातच विखुरतो आणि प्रथिनाऐवजी पडद्याचाच गोंधळ दिसतो. काचेची पट्टी धुळीने माखलेली असली तर रक्ताच्या पेशी कशा दिसणार? म्हणून पडदा असा हवा, जो आधार देईल पण मध्ये येणार नाही. असा पडदा ग्राफीन ऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या ग्राफीनचा. इलेक्ट्रॉनचा झोत म्हणजे काही उजेड नव्हे, पण मुद्दा तोच: एका अणूच्या जाडीचा पापुद्रा बहुतेक सगळं आरपार जाऊ देतो.

म्हणजे बघा, ज्या गुणामुळे तो पापुद्रा तिथे वापरला, तो गुण पारदर्शकपणाचा. तो प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीचा भाग होता. बाटलीत भरायच्या लसीशी त्याचा संबंध नाही. फोटो काढलेलं ते प्रथिनसुद्धा लसीत नसतं. लसीत असतो फक्त ते प्रथिन बनवण्याचा निरोप, ज्याला एमआरएनए म्हणतात, त्याला गुंडाळणारे चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ, त्यात एक आपलं ओळखीचं कोलेस्टेरॉल, शिवाय क्षार आणि साखर. ही यादी छापील आहे, कोणालाही वाचता येते. तिच्यात ग्राफीन नाही.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात "नमुना काचपट्टीवर घेतला" असं लिहिलेलं वाचून कोणी म्हणावं की पेशंटच्या पोटात काच सापडली, तशातला हा प्रकार झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्राफीन म्हणजे अगदी निरुपद्रवी असं माझं म्हणणं नाही. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर काय होतं, यावर अभ्यास चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. लसीचेही त्रास असतात, हात दुखतो, ताप येतो, क्वचित त्याहून जास्तही होतं, आणि ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण भीती बाळगायची तर खऱ्या गोष्टीची बाळगावी. लाल रेघ मारलेल्या दोन शब्दांची नको.

वन्सं काय म्हणाल्या

मी वन्संना व्हिडिओवर पेन्सिल आणि चिकटपट्टी घेऊन सगळं दाखवलं. शेवटची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या रक्त तपासायच्या काचेसारखं?" म्हटलं, "हो वन्सं, अगदी तसंच."

"मग त्या काचेचं नाव औषधात कशाला घेतात मेले!"

त्यांनी लस घ्यायचं अजून नक्की केलेलं नाही. दम्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवते म्हणाल्या. मला तेवढं पुरे आहे. ठरवायचं त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी, फॉरवर्ड पाठवणाऱ्याने नव्हे.

तुम्हालाही असा कागद आला तर एवढं करा. लाल रेघेच्या वरची आणि खालची दोन-दोन वाक्यं कोणाकडून तरी वाचून घ्या. ती वस्तू औषधात आहे की तपासणीत, हे विचारा. आणि घरात शिकणारं नातवंड असेल तर त्याला चिकटपट्टी घेऊन बसवा. आपल्याला कळतं की नाही, याची लाज वाटू देऊ नका. मलाही तीन शुक्रवार लागले.

सर्वांना आरोग्य आणि शालोम.